परत गेलेले खोके

लातुरात मी नोकरीला आले तेव्हा जी खोली भाड्यानं घेतली, तिच्या खाली बंदुकांचं दुकान होतं. आता तुम्ही म्हणाल, बाई, दुसरी जागा मिळाली नाही का? मिळाली असती की. पण शाळा तिथून चालत सात मिनिटांवर, नळाला आठवड्यातून एकदा का होईना पण पाणी येणार, आणि घरमालक लिंगायत, कांदाभजीच्या पलीकडे चैन न करणारे, कपाळावर विभूतीचे ठसठशीत तीन पट्टे. मला वाटलं, यापेक्षा निर्धोक घर कुठलं मिळायला! पाटीकडे मी नीट बघितलंच नाही. सामान वर चढवून झाल्यावर कळलं की काचेच्या कपाटात मला ज्या छत्र्यांच्या काड्या वाटल्या होत्या, त्या नळ्या होत्या.

घरमालकांना सगळे आप्पा म्हणायचे. मीही म्हणायला लागले. जाऊन आता सहा वर्षं झाली त्यांना, दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात, पण मला अजून तो माणूस कळलेला नाही. कधी वाटतं फार मोठा कारागीर होता. कधी वाटतं डोक्याचा एखादा स्क्रू ढिला होता. आणि कधी कधी, खरं सांगते, असं वाटतं की स्क्रू आपलेच ढिले होते आणि तेवढा एक माणूस घट्ट होता. माझं काही ठरत नाही.

ठासणीची बंदूक म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. हल्लीच्या जमान्यात कोण वापरतं, असंही वाटायचं. पण आमच्या औसा, निलंगा भागात रानडुकरांचा आणि हरणांचा इतका सुळसुळाट झालाय की ज्यांच्याकडे पीकसंरक्षणाचं लायसन आहे ते जिवापाड जपतात. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू घालायची, वर चिंधी, वर छर्रे, गजानं ठासायचं, मागं ठिणगीची टोपी बसवायची, आणि चाप ओढला की घोडा त्या टोपीवर पडतो. डुक्कर मारायचं नाही, आभाळात नुसता बार काढायचा. आवाजानं कळप पळतो. आप्पांसारखा मुंगी ओलांडून जाणारा माणूस हा धंदा कसा करत होता याचं कोडं निदान तेवढ्यापुरतं सुटायचं. म्हणायचे, "बाई, मी बंदूक न्हाई इकत, मी आवाज इकतो."

हा माल यायचा वरच्या, हिंदी मुलखातल्या एका कारखान्यातून. अख्खी बंदूक यायची नाही, लांबट लाकडी खोका यायचा. त्यात गवताच्या कुट्टीत नळी, तेलकट कागदात घोडा आणि चाप, खांद्याला लावायचा एक लाकडी दस्ता, एक गज, आणि स्क्रूंची पुडी. सगळं खाली दुकानात जुळवायचं, घासायचं, बसवायचं. दुकानाला तशी परवानगी होती आणि आप्पांचा हात सोन्यासारखा होता. दस्ता तर असा बसवायचे की जोड कुठं आहे ते बोटाला लागायचं नाही.

पण जुळवायची वेळच यायची नाही ना! खोका आला की आप्पा पहिल्यांदा नळी बाहेर काढायचे, दोऱ्यानं तुळईला टांगायचे आणि चमच्यानं तिच्यावर टिचकी मारायचे. मग डोळे मिटून ऐकायचे. मग पुन्हा एक टिचकी. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी त्यानं श्वास रोखून धरायचा. आणि दहातल्या नऊ वेळा आप्पा डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "बेड."

ते उदगीरकडचे, घरात कानडी. बेड म्हणजे नको. खडूनं खोक्यावर तेवढंच लिहायचं आणि खोका जिन्याखाली सरकवायचा. आठवड्यानं ट्रान्सपोर्टवाला येऊन परत न्यायचा. तोपर्यंत माझी स्कूटी आत अडकलेली! मी किती दिवस बाजारहाट पायी केला असेल याला गणती नाही. ओरडायची सोय नव्हती, कारण मी तोंड उघडायच्या आत ते नमस्काराला हात कपाळाशी नेऊन म्हणायचे, "शरणार्थ बाई, चुकलं."

परत जाणाऱ्या मालासोबत कारण लिहून द्यावं लागायचं. आप्पांचं अक्षर गिचमिड, म्हणून ती चिठ्ठी मला लिहायला लावायचे. मी मराठीची शिक्षिका. पण असली मराठी मी जन्मात लिहिली नव्हती. "नळी गप आहे." "नळी फार बोलते." एकदा म्हणाले, "ल्ह्या, घोडा चांगला, सोभाव वाईट." मी म्हटलं, "आप्पा, घोड्याचा का नळीचा?" म्हणाले, "कारखान्याचा." मी निमूट लिहिलं. तिकडे ती चिठ्ठी कोण वाचत असेल आणि काय समजत असेल, देव जाणे.

कधी मला खाली हाक मारायचे. "बाई, तुमची नजर कवळी हाय, बघा बरं आतून." मी एक डोळा मिटून नळीतून बघायची.

"काय दिसलं?"

"उजेड."

"अजून?"

"अजून उजेडच आप्पा. दुसरं काय दिसणार?"

"बास. परत."

आता काय बोलायचं याच्यावर! मला उजेड दिसला हे वाईट की चांगलं? उजेड दिसायला नको होता का? मी विचारलं तर म्हणायचे, "तुमी वर जा, भाजी लागंल." आणि खरोखर भाजी लागलेली असायची.

लोकांचा मात्र त्यांच्यावर केवढा विश्वास! आप्पाला नळी ऐकू येते, असं बाजारातले हमालसुद्धा सांगायचे. औशाचा, चाकूरचा, कुठकुठला माणूस यायचा, सहा सहा महिने खोळंबायचा, चिडायचा, शिव्या द्यायचा, पण दुसरीकडे जायचा नाही. आप्पांच्या दुकानातली एकही बंदूक आजवर कुणाच्या हातात फुटली नाही, हे खरं होतं. नळी फुटते म्हणजे काय होतं ते मी इथे सांगत नाही. बोटं जातात, डोळा जातो, एवढं पुरे.

एवढे का भितात, हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, लहानपणी उदगीरला एका लग्नात बार काढताना नळी फुटली, नवरदेवाच्या मामाचा अंगठा मांडवावर जाऊन पडला. ते ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पुढे आमच्या ह्यांना त्यांनी सांगितलं की त्यांच्या स्वतःच्या वडलांचा कान गेला होता. आणि शेजारच्या शिंप्याला म्हणाले, मी जन्मात नळी फुटलेली बघितली न्हाई. मी एकदा तिन्ही गोष्टी त्यांच्यासमोर ठेवल्या. म्हटलं, आप्पा, यातली खरी कोणती? चमचा पुसत म्हणाले, "ज्याला जी लागू पडंल ती." म्हणजे झालं!

कारखान्याचा माणूस एकदा स्वतः आला होता, तो दिवस मी विसरणार नाही. त्या वर्षी आप्पांनी एकामागून एक खोके परत पाठवले होते, तेव्हा मालकानं वैतागून त्याला लातूरला धाडलं असावं. गोरागोमटा, घामाघूम, गळ्यात बॅग. आल्याआल्या त्यानं नळीवरचे शिक्के दाखवायला सुरुवात केली. "अप्पाजी, ये देखिए, मुहर. जाँच किया हुआ माल है. सौ टका."

आप्पा शांतपणे म्हणाले, "मुहर कौन मारताय?"

"कारखाने में मारते हैं."

"नळी कौन बनाताय?"

"कारखाने में."

"तो बनानेवाला बी तूच, पास करनेवाला बी तूच. आमच्या ह्या शाळेच्या बाई बी असे पेपर तपासत न्हाईत." आणि माझ्याकडे बघून हसले. मी पायरीवर बसून मटार सोलत होते, मला मध्ये ओढायचं काही कारण नव्हतं.

तो माणूस इरेला पेटला. म्हणाला, टायरला बांधून, लांबून दोरी ओढून बार काढून बघा, मग तर पटेल? आप्पा म्हणाले, "बघितलंय. टायर के उंगलियाँ नहीं होती. एक बार में नळी अंदर से तडकी तो बाहर से दिखती क्या? दूसरे बार को फुटेगी, तब टायर नहीं रहेगा, आदमी रहेगा." मग उठले, सगळ्यात चकचकीत नळी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "जोडून देताव. तू हात में पकडके बजा. बजी तो सब खोके मेरे."

तो माणूस नळीकडे बघत राहिला. मी मटार सोलायची थांबले. मग तो हळूच म्हणाला, "अप्पाजी, मेरे दो छोटे बच्चे हैं."

आप्पांनी नळी उचलून बाजूला ठेवली. त्याला आत नेलं, भाकरी, शेंगाची चटणी, वर दह्याची वाटी, असं पोटभर जेवू घातलं. जाताना त्याच्या बॅगेत चटणीची पुडीही कोंबली. मला वाटलं होतं, जिंकल्यासारखे मिशीत हसतील. पण संध्याकाळपर्यंत दुकानात नुसतेच बसून होते. म्हणाले, "बिचाऱ्याला बी म्हाईत न्हाई." हे ते अशा सुरात म्हणाले की मला त्यांचाच राग आला. मला काही कळेना, हा माणूस नक्की कुणाच्या बाजूनं आहे.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचे हे औशाजवळ गावी शेती बघायचे, मी शनिवारी-रविवारी गावी जायची. सासऱ्यांच्या नावावर लायसन होतं. ते वारले, बंदूक जुनी होऊन गंजून गेली होती ती जमा करून टाकली, आणि लायसन ह्यांच्या नावावर व्हायला इतक्या चकरा झाल्या की आमच्या चपलांनी राजीनामा द्यायचा बाकी होता. शेवटी झालं. पण त्यावर तारीख पडली. त्या तारखेच्या आत बंदूक घेऊन नोंद केली नाही तर लायसन रद्द. एकदा मुदत वाढवून मिळाली. दुसऱ्यांदा कारकून सरळ म्हणाला, "आता न्हाई. आणि नवीन लायसन आपल्या तालुक्यात कुणाला देऊन राहिले का? तुमीच बघा."

त्यातच त्या वर्षी डुकरांनी भुईमूग असा उकरला की रान नांगरल्यासारखं दिसत होतं. शेजारचा एक गडी पत्र्याचा डबा वाजवत गेला तर डुकरानं मांडी फाडली. हे रोज फोनवर विचारायचे, "आप्पाला विचार, आला का खोका?" मी विचारायची. खोका यायचा. आणि खडूनं बेड.

ह्यांच्यासाठी आलेला पहिला खोका परत गेला. दुसराही गेला. ह्यांनी येऊन दुकानात असा काही आवाज चढवला की शिंप्याचं मशीन थांबलं. "आप्पा, माझं लायसन जाईल! तुमाला काय त्याचं? तुमी टिचक्या मारीत बसा." आप्पा म्हणाले, "लायसन गेलं तर परत काढता यिल, पाटील." हे ओरडले, "न्हाई यिल! त्याच्यासाठीच बोंबलून राहिलो ना!" मग रागारागानं नांदेडच्या दुकानात चौकशी करून आले. तिथंही त्याच कारखान्याचा माल. फरक एवढाच, की तिथं तो परत जायचा नाही. मग ह्यांनी तिथून का नाही घेतली? मी विचारलं तर मानेनं नाही म्हणाले. "आप्पानं परत पाठवलेलीच नळी तिथं जाऊन बसली असंल तर?" म्हणजे शिव्या देणारा माणूसही मनातून आप्पांचंच ऐकत होता.

तिसरा खोका आला तेव्हा तारखेला पाच दिवस उरले होते. आप्पांनी नळी टांगली. चमचा मारला. त्या दिवशी बेड म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा टांगली. मी शाळेतून आले तरी टांगलेलीच. मला हाक मारून आतून बघायला लावलं. उजेड दिसला, मी उजेड म्हटलं. या वेळी "परत" म्हणाले नाहीत. नुसतं "हाव" म्हणाले, म्हणजे हो, आणि नळी काढून गजानं घासत बसले. मी आनंदानं ह्यांना फोन केला. पण रात्रीचं जेवण आप्पांनी टाकलं, असं त्यांच्या सूनबाईंनी मला जिन्यात सांगितलं तेव्हा माझा आनंद थोडा कमी झाला.

शेवटच्या दिवशी, शनिवारी, हे आले. बंदूक जोडून तयार होती. देखणी होती अगदी. आम्ही तिघं रिक्षानं गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खदानीत गेलो. दुकानाला तिथं बार काढून बघायची परवानगी होती. आप्पांनी बरोबर आणलेला जुना टायर रिक्षातून काढायला सुरुवात केली आणि हे म्हणाले, "टायर नको."

आप्पा थांबले.

"त्या कारखान्याच्या माणसाला तुमी काय म्हणाला होतात? हातात धरून वाजव. आता तुमी धरा आप्पा. तुमच्या हातात वाजली की मी घेतो. न्हाईतर मला लायसनपण नको आन् बंदूकपण नको."

ही गोष्ट ह्यांना मीच सांगितली होती. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मी म्हटलं, "अहो, काहीतरीच काय! म्हातारा माणूस आहे." पण आप्पांनी माझ्याकडे हात केला, थांबा, असा. चष्मा काढून माझ्या हातात दिला. गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत सारलं. आमच्याकडे पाठ करून दारू भरली, ठासलं, टोपी बसवली. मग खांद्याला लावली. इतकी वर्षं बंदुका विकणारा माणूस, पण ती धरायची कशी हे त्यांच्या खांद्याला माहीत नव्हतं, ते मलाही दिसत होतं.

बार झाला. धूर झाला. आप्पा होते तसे उभे होते, दोन्ही हात जागच्या जागी. मला हुंदकाच फुटला. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा लहान आला, पण मी कुठे कधी ऐकला होता? ह्यांनी आप्पांचे पाय धरले, अगदी डोकं टेकवून. दुकानात येऊन नोंद झाली, ठाण्यात दाखवून झाली, सहीशिक्के झाले. आप्पांनी ह्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. मला वाटलं, रुसलेत.

मी त्याच दुपारी ह्यांच्याबरोबर गावी गेले. संध्याकाळी ह्यांनी हौसेनं मापाची दारू भरून, ठासून बंदूक तयार केली. शेतातल्या राखणीच्या माळ्यावर जाऊन बार काढायचा होता. पण नणंदेचे यजमान अचानक आले, गप्पा झाल्या, जाणं राहिलं. भरलेली बंदूक ओसरीवर खुंटीला टांगून ठेवली, टोपी काढून. उद्या बघू म्हणाले.

रविवारी सकाळी मी चूल पेटवत होते तर फाटकाशी आप्पा! पहिल्या एसटीनं आले होते. तुम्हाला यातली गंमत कळायची नाही. आप्पा एसटीत बसायचेच नाहीत. बसलं की उलट्या. पोरीच्या बाळंतपणाला निलंग्याला गेले नव्हते हो ते! सदऱ्यावर डाग, विभूती घामानं वाहिलेली, चप्पल एकाच पायात.

"वाजवली का?" एवढंच विचारलं.

हे बाहेर आले. म्हणाले, "न्हाई अजून. भरून ठिवलीय. या की आप्पा, बसा."

आप्पा पायरीवर मटकन बसले. म्हणाले, "पाटील, काल मी अर्धीच दारू भरली हुती."

चुलीवरचं पाणी उतू गेलं तरी मी हलले नाही.

"अर्ध्याला फुटत न्हाई. कसली बी नळी फुटत न्हाई. पाठ करून भरली, तुमाला दिसू दिलं न्हाई. मी भ्यालो."

ह्यांचा चेहरा असा लाल झाला की मला वाटलं, आता हात उचलतात की काय. "भ्यालात तर तवाच सांगायचं ना!"

"सांगायलाच आलो की," आप्पा म्हणाले.

आता बंदूक भरलेली. ठासणीची बंदूक एकदा भरली की ती एकतर वाजवायची, नाहीतर तोंडातून सगळं उकरून काढायचं, तिसरा मार्ग नाही. आप्पा उठले आणि म्हणाले, "आना. मी वाजवतो. आता पुरी हाय." हे म्हणाले, "माझी हाय, मी वाजवतो." दोघंही हट्टाला पेटले. एक म्हातारा, एक माझा नवरा, आणि मध्ये खुंटीवर ती. मी हातातली फुंकणी जमिनीवर आपटली. म्हटलं, "कुणी वाजवायची नाही! दोघांनाही बोटं भाकरी खायला लागतात. उकरून काढा."

नंतर मला फार लाज वाटली, पण तेव्हा ह्यांनी बंदूक खुंटीवरून काढून आप्पांच्या हातात दिली.

आप्पांनी अंगणात पोतं अंथरलं. नळीत पाणी ओतलं, नव्याकोऱ्या नळीत, आणि आतली दारू भिजत ठेवली. सगळ्यांना गोठ्याच्या भिंतीमागं पाठवलं. सासूबाई, पाहुणे, जावा, सगळी भिंतीमागं. हे काही हलेनात. आप्पा म्हणाले, "तुमी बी जावा." हे म्हणाले, "बंदूक माझ्या नावावर हाय," आणि त्यांच्याशेजारी पोत्यावर मांडी घालून बसले. मग मी तरी भिंतीमागं कशी जाणार? मी ओसरीच्या दारात उभी राहिले. आप्पांनी गजाच्या टोकाला आकडा बसवला आणि हळूहळू आत फिरवायला लागले. उन्हं डोक्यावर आली. त्यांच्या कपाळावरून घाम टपकत होता, तो हे आपल्या उपरण्यानं पुसत होते. सकाळी ज्याच्यावर हात उगारायच्या बेतात होते, त्याचाच घाम. मला दोघांचाही राग येत होता आणि रडूही येत होतं.

आधी चिंधी आली. मग ताटलीत छर्रे टणटणले. मग काळा चिखल यायला लागला, आणि आप्पांनी नळी उलटी करून झटकली. "झालं," म्हणाले. काळे झालेले हात पुढं केले. ह्यांनी त्यांच्या हातावर पाणी घातलं. भिंतीमागून सगळी बाहेर आली आणि एकदम सगळ्यांना भूक लागली.

ती बंदूक अजून आमच्याकडे आहे. लायसनही आहे, दर वेळी नूतनीकरण होतं. वाजवली मात्र कधीच नाही. डुकरांसाठी ह्यांनी झटका मशीन बसवलं, तारेत करंट सोडतं ते. नळी आतून गंजली असणार त्या पाण्यानं. नाहीतर आधीच वाईट असेल. नाहीतर उत्तम असेल. मी दर वर्षी खांडेनवमीला, शस्त्रपूजेच्या दिवशी, तिला हळदकुंकू वाहते आणि दर वर्षी माझ्या मनात तेच येतं.

त्या दुपारी आप्पांना फाट्यापर्यंत सोडायला मी गेले. जेवण झालं होतं, लिंबू हातात दिला होता, गाडीत हुंगायला. दुसऱ्या पायात ह्यांची जुनी चप्पल होती. गाडी यायला वेळ होता. मी विचारलंच शेवटी. म्हटलं, "आप्पा, आता आपण दोघंच आहोत. खरं सांगा. ती नळी चांगली होती का वाईट?"

ते रस्त्याकडे बघत होते.

"मला न्हाई कळत, बाई."

"ही नळी का?"

"कुठलीच. चाळीस वर्सं झाली. टिचकी मारतो, डोळे झाकतो, आन् मला कायबी ऐकू येत न्हाई. म्हनून तर सगळ्या परत पाठवतो."

ज्या थोड्या ठेवून घेतल्या त्या कशावरून, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण लांबून एसटी दिसायला लागली आणि ते घाईनं उठले. एक हात हलवून गाडी थांबवली, दुसऱ्या हातानं लिंबू नाकाशी धरला, आणि पायरीवर चढताना मागं वळून हळूच म्हणाले, "लोकायला सांगू नका, बाई. त्यायला कळलं तर ते दुसऱ्या दुकानात जातील. तिथं परत पाठवनारं कुनी न्हाई."